सोमवारचा हातोडा

दर सोमवारी सकाळी साडेनऊच्या ठोक्याला कप्तान भिंतीवरचा हातोडा काढायचा आणि खोलीतल्या बावीस माणसांपैकी एकाला पुढे बोलवायचा. हातोडा चांगला दोन किलोचा होता, घड्याळाच्या खाली खिळ्याला टांगलेला. मागच्या आठवड्यात ज्याची चूक सापडली असेल त्याने आपलंच काम टेबलावर ठेवायचं, आपल्याच हाताने त्याचा भुगा करायचा आणि मान वर करून म्हणायचं, "माझं चुकलं." तो घाव घालत असताना बाकीच्या एकवीस जणांनी मुठींनी टेबलं वाजवायची. संपलं की हातोडा परत खिळ्यावर आणि माणसं परत कामावर.

कप्तान, म्हणजे टीमचा साहेब, याला खेळ म्हणायचा. मन मोकळं होतं, राग साचत नाही, टीम घट्ट होते, अशी पोपटपंची तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचा. पहिल्या वर्षी लोक हसायचेही, खोटं कशाला बोला. दुसऱ्या वर्षी हसणं गेलं आणि टेबलं मात्र जास्त जोरात वाजायला लागली, कारण जो हळू वाजवेल त्याच्यावर कप्तानाची नजर थांबायची. आणि नजर थांबली की त्या आठवड्यात त्या माणसाची चूक सापडणार, हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.

मावशी हे सगळं दोन वर्षं बघत होती, आणि बघत होती एवढंच, कारण तिचंही पोट हातावर होतं. ती तिथली चाचण्या घेणारी बाई. तयार होणारी प्रत्येक वस्तू आधी तिच्या खोलीत यायची, ती तिला उलटीपालटी करून, आपटून, भिजवून बघायची आणि वहीत लिहायची, पास किंवा नापास. याआधी एकोणीस वर्षं तिने शेगड्यांच्या कारखान्यात हेच काम केलं होतं. तिथे शंभरातल्या चार शेगड्या नापास व्हायच्या, त्या बाजूला ठेवायच्या, दुपारी कुणीतरी दुरुस्त करायचं. नापास हा शब्द लिहिताना हात अडखळतो, हे तिला या नव्या जागी येईपर्यंत माहीतच नव्हतं.

ती खरी मावशी एकाच मुलीची, थोरल्या बहिणीच्या धाकटीची. त्या मुलीला घरात बारकी म्हणत. मावशीनेच शब्द टाकून तिला इथे चिकटवली होती, आणि बारकी तिला ऑफिसातही मावशी म्हणायची, म्हणून मग सगळी टीमच म्हणायला लागली. बारकी हुशार, पण स्वभावाने भित्री. शाळेत परीक्षा असली की तिचे हात असे गार पडायचे की पेन्सिल धरता यायची नाही, आणि मावशी शाळेच्या फाटकाशी उभी राहून तिचे दोन्ही पंजे आपल्या पंजांत घेऊन चोळायची. "वितळली का गं माझी कुल्फी?" असं विचारायची. पोरगी हसली की आत सोडायची.

कंपनी करत काय होती, तर घरातला कचरा दाबणारी पेटी. स्वयंपाकघरात ओट्याशेजारी उभी राहणारी, दिसायला देखणी, पांढरीशुभ्र. तोंडात कचरा टाकायचा, वरून पोलादी पत्रा दोन टनांच्या जोराने खाली यायचा, चाळीस सेकंद दाबून धरायचा आणि खालून कचऱ्याची वीट निघायची. कोबीचे गड्डे, डबे, हाडकं, बाटल्या, काय घालाल त्याची वीट.

आता असल्या राक्षसाच्या तोंडाला झाकण नको? मिस्त्रीला ते हवं होतं. मिस्त्री म्हणजे यंत्राचा सांगाडा उभा करणारा पन्नाशीचा माणूस, अबोल, हात लावेल त्याचं सोनं करणारा. त्याने तीन आठवडे खपून एक झाकण बनवलं, ते बंद असल्याशिवाय पत्रा हलायचाच नाही. कप्तान म्हणाला, झाकण म्हणजे आजीबाईची पेटी, आपली पेटी उघडी राहणार आणि स्वतःच्या अकलेने थांबणार. त्या सोमवारी मिस्त्रीला त्याचंच झाकण फोडायला लावलं. तिसऱ्या घावाला बिजागरी उडाली आणि त्याच्या भुवईत घुसली. रक्त डोळ्यात उतरलं, तरी मिस्त्री हातोडा धरून उभाच. कप्तान म्हणाला, "बघा, मी सांगत होतो ना, झाकणच धोकादायक आहे." खोली हसली. मावशीही हसली, आणि घरी गेल्यावर आरशासमोर उभी राहून स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली.

झाकणाच्या जागी मग डोळा आला. पेटीच्या तोंडात बसवलेला छोटासा डोळा, आत आलेली वस्तू गरम आहे की नाही हे बघणारा. गरम असेल तर माणसाचा हात, थांब. गार असेल तर कचरा, दाब. या डोळ्याचा प्रोग्रॅम लिहिला बारकीने. तिने पत्रा खाली येईपर्यंत डोळा सतत बघत राहील असं लिहिलं होतं, पण त्यात अकरा सेकंद जायचे आणि कप्तानाला सात हवे होते. मग ठरलं की डोळ्याने सुरुवातीला एकदाच बघायचं, एकदा ठरवलं की ठरवलं. बारकीने जरा कुरकुर केली. त्या सोमवारी हातोडा तिच्या हातात आला. तिने डोळ्याची पहिली सर्किटची पाटी फोडली, फोडताना स्वतःचा अंगठा ठेचला, नख काळं पडलं. "माझं चुकलं," म्हणाली. मग चार दिवस घरी पडून उलट्या करत होती, पाणी सुद्धा पोटात ठरेना. ताईने, बारकीच्या आईने, फोन केला, एवढंच म्हणाली, "तूच नेलंस तिला तिथे," आणि ठेवून दिला.

त्या दिवसापासून मावशीच्या डोक्यात एकच गोष्ट होती. बारकीच्या हातात पुन्हा हातोडा येता कामा नये.

आणि मग त्रेचाळीस नंबरची चाचणी आली.

चाचणीसाठी मिस्त्रीने रबराचे हात करून दिले होते. त्यात कोमट पाणी भरायचं, म्हणजे डोळ्याला तो जिवंत हात वाटायचा. बेचाळीस वेळा मावशीने तो पेटीत घातला, बेचाळीस वेळा पत्रा वीतभर वर थांबला. त्रेचाळिसावी चाचणी कुणी सांगितलेली नव्हती, ती तिच्याच डोक्यातून निघाली. थंडीच्या दिवसांत गार पाण्यात भांडी घासलेली बाई तशाच हाताने कचरा टाकायला येणार नाही का? तिने रबरात नळाचं पाणी भरलं, हात पेटीत ठेवला आणि बटण दाबलं.

पत्रा थांबला नाही. हात फाटला, पाण्याची चिळकांडी तिच्या तोंडावर आली आणि रबराचं एक बोट तुटून तिच्या चपलेशी येऊन पडलं. ती बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिली. मग दुसरा हात घेतला, मग तिसरा. तिन्हींच्या चिंध्या झाल्या. तिने त्या एका पिशवीत भरल्या, वही उचलली आणि कप्तानाच्या काचेच्या खोलीत गेली. तो मंगळवार होता. गुरुवारी मोठ्या दुकानांची साखळी चालवणारी माणसं पेटी बघायला येणार होती.

कप्तान चिडला नाही. तो चिडला असता तर बरं झालं असतं, कारण चिडलेल्या माणसाशी मावशीला भांडता यायचं. त्याने तिला बसायला सांगितलं, चहा मागवला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग लिहा नापास," तो म्हणाला. "तुमचं कामच ते आहे, मावशी."

मावशीने पेनचं टोपण काढलं.

"फक्त एक विचारतो. डोळा कुणाचा?"

मावशीचं पेन वहीवर टेकून थांबलं.

"बारकीचा. म्हणजे गुरुवारची माणसं परत पाठवायची. शुक्रवारी वर मला जाब देणं आलं. आणि सोमवारी... सोमवारचं तुम्हाला माहीत आहे. मी नियम मोडला तर बाकीचे काय म्हणतील? मावशीची भाची म्हणून सोडली म्हणतील. आणि या वेळी नुसती पाटी फोडून भागायचं नाही. पूर्ण पेटीच तिच्या हातून फोडावी लागेल, बावीस जणांची दोन वर्षं." त्याने चहाचा कप तिच्याकडे सरकवला. "नाहीतर आज पास लिहा. शुक्रवारपासून मी तिला आठवडाभर मोकळीक देतो, ती गुपचूप दुरुस्त करेल. कुणाला कळायचंही कारण नाही."

"गुरुवारी हात कोण घालणार?" मावशीने विचारलं. कारण तीही तिथली रीतच होती. पाहुण्यांसमोर, ज्याचं काम सगळ्यांत नवं, त्यानेच आपला हात पेटीत घालून दाखवायचा.

"बारकीच. डोळा तिचा, हात तिचा."

"आणि मग?"

"मग काय? हॉल चांगला उबदार आहे. ती काय भांडी घासून येणार आहे?"

हे ऐकून मावशीला हायसं वाटलं, हे लिहायलासुद्धा लाज वाटते, पण वाटलं खरं. एकोणीस वर्षं शेगड्या तपासलेली बाई, तिच्या डोक्यात फक्त नळाचं पाणी होतं. गार हात म्हणजे ओला हात, एवढाच तिचा हिशोब. तिने वहीत त्रेचाळीस आकड्यापुढे लिहिलं, पास. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं. पिशवी तिने आपल्या टेबलाखाली, पायांच्या मागे ढकलून ठेवली.

बारकीला तिने काही सांगितलं नाही. बुधवारी पोरगी डबा खाताना कधी नव्हे ते बडबडत होती. गुरुवार पार पडला की केस कापणार, आईला घेऊन कुठेतरी जाणार. "तू पास केलंस ना सगळं, मग मला काय भीती?" असंही म्हणाली. मावशीने आपल्या डब्यातली पोळी तिच्या डब्यात सारली.

गुरुवारी सकाळी हॉलमधे नऊ पाहुणे पुढच्या रांगेत बसले आणि टीम मागच्या टेबलांवर. पेटी मंचावर, तिची वायर दिसू नये म्हणून फळ्यांखालून नेलेली. बाजूला एका मखमली कापडावर हातोडा. हो, कप्तानाने तो भिंतीवरून उतरवून तिथे मांडला होता. पाहुण्यांना तो कौतुकाने सांगत होता की आमच्याकडे चूक कुणी लपवत नाही. मावशी मंचाच्या कडेला वही घेऊन उभी होती, बारकीपासून तीन पावलांवर.

आधी पेटीने कोबी खाल्ला, मग पत्र्याचे डबे, मग खाटकाकडून आणलेला हाडांचा ढीग. हाडं मोडताना जो आवाज झाला त्याने पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळे मिटून घेतले. कप्तान खूश झाला. "आता बघा, हाच राक्षस माणसासमोर कसा गरीब होतो," तो म्हणाला आणि बारकीला पुढे ओढलं.

बारकीचा हात मावशीने हॉलमधे येताना मुद्दाम धरून बघितला होता. गरम होता, चांगला गरम. तेवढ्यावर ती निर्धास्त उभी होती. पण कप्तानाला मजा सुचली.

"ही आमची बारकी," तो पाहुण्यांना म्हणाला. "मागच्या हिवाळ्यात हिच्या हातात हा हातोडा आला होता. चार दिवस तोंड दाखवलं नाही बाईंनी. उचल गं, दाखव सगळ्यांना किती जड आहे ते."

बारकीने दोन्ही हातांनी हातोडा उचलला. पाहुणे हसले.

"आज चुकलीस तर सोमवारची वाट बघायची नाही. आज इथेच, यांच्यासमोर," कप्तान म्हणाला आणि मागे बघून त्याने हात वर केला. मागची टेबलं वाजायला लागली.

बारकीने हातोडा खाली ठेवला. मग तिने दोन्ही तळवे आपल्या कपड्यांना पुसले. एकदा पुसले, पुन्हा पुसले, आणि बोटं मुठीत दाबून धरली. हे मावशीने बघितलं. शाळेच्या फाटकाशी हात गार पडले की ही पोरगी ते असेच पुसायची. पाण्याची गरजच नव्हती. भीती पुरेशी होती, आणि भीती या खोलीत दोन वर्षं मुरत घातलेली होती.

"थांब, बारके," मावशी म्हणाली.

तिचा आवाज टेबलांच्या ठणाण्यात बुडाला. ती पुन्हा ओरडली, "ती चाचणी नापास आहे, थांबवा," पण कप्तानाने ऐकलं असलं तरी तसं दाखवलं नाही. बारकीचा हात मनगटाच्याही पुढे पेटीत गेला होता. कप्तानाने बटण दाबलं. डोळ्याने एकदा बघितलं आणि ठरवलं, कचरा.

पत्रा खाली यायला लागला. मावशीने वही फेकली, तीन पावलं एका झेपेत टाकली, उजव्या हाताने बारकीचा पंजा आतून पकडला आणि डाव्या हाताने तिच्या दंडाला हिसका दिला. बारकी उलटी फेकली गेली, कोपरापर्यंतचं कातडं सोलवटून निघालं, पण हात बाहेर आला. मावशीचा आत राहिला.

आवाज फार मोठा नव्हता. मघाशी हाडांचा झाला होता त्याहून कमीच. मावशीचं तोंड उघडलं आणि त्यातून जे निघालं ते ओरडणं नव्हतं, घुसमटलेलं काहीतरी होतं. पेटीच्या पांढऱ्याशुभ्र तोंडातून रक्त खाली ओघळलं. मागच्या टेबलांवरच्यांना पुढचं नीट दिसत नव्हतं, ते आपले वाजवतच होते.

बारकी उठली. ती पाहुण्यांकडे तोंड करून ताठ उभी राहिली, मान वर केली आणि म्हणाली, "माझं चुकलं."

कुणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षांत तिला तेवढंच शिकवलं होतं.

तेव्हा कुठे टेबलं थांबली. मग मावशीचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. कप्तान बटणावर तुटून पडला आणि दाबत सुटला, आणि त्याच्या दर दाबण्याला पेटीचे चाळीस सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. पत्रा वर जाईना, उलट दर वेळी कणभर आणखी खाली बसे. वायर फळ्यांखाली होती आणि फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या. सगळे उभे होते आणि कुणी हलत नव्हतं, कारण त्या खोलीत कप्तानाने सांगितल्याशिवाय हलायची सवयच कुणाला राहिली नव्हती.

हलला फक्त मिस्त्री. तो टेबलं लोटत पुढे आला. "मागची तेलाची पितळी नळी," तो ओरडला. "ती तोड, दाब सुटेल. बारके, हातोडा घे."

बारकीने हातोड्याकडे बघितलं. मग कप्तानाकडे बघितलं, सवयीने. "हात लावू नकोस," कप्तान म्हणाला, "ही एकच पेटी आहे आपल्याकडे," आणि त्याने तिचं मनगट धरलं. बारकीने कोपर वळवून त्याच्या तोंडावर हाणलं. तिला मारामारी येत नव्हती, पण नाक कुठे असतं हे माहीत होतं. कप्तान नाक धरून खाली बसला, बोटांमधून रक्त यायला लागलं. तिने हातोडा उचलला, पेटीच्या मागे गेली आणि घातला घाव. पहिला चुकला, पेटीच्या पाठीवर बसला. दुसऱ्याने नळी वाकली. तिसऱ्याने फुटली, आणि काळं गरम तेल तिच्या अंगावर, कप्तानावर, पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांवर उडालं. तरी ती मारतच राहिली. मिस्त्रीने पत्रा वर ढकलला, मावशीला बाहेर काढलं, आपला शर्ट काढून तिचा हात त्यात गुंडाळला, आणि तेव्हासुद्धा बारकी पेटीवर घाव घालत होती. पुढचा डोळा फुटला, तोंड चेपलं, बाजू उघडी पडली. तिच्या हातून हातोडा काढून घ्यायला दोन माणसं लागली.

डॉक्टरांनी मधली तीन बोटं काढली. अंगठा राहिला आणि करंगळी राहिली.

सोमवारी दुपारी बारकी दवाखान्यात आली. चार दिवसांत ती आलीच नव्हती, ताई यायची, सूप भरवायची आणि न बोलता जायची. बारकीच्या कोपरापर्यंत पट्टी होती आणि हातात एक पिशवी. मावशीने पिशवी ओळखली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आज कप्तानाने सगळ्यांना बोलावलं होतं," बारकी म्हणाली. "पोलीस विचारायला येणार, त्याआधी एकदा बसू म्हणाला. नाकाला पट्टी होती. तुझी वही दाखवली सगळ्यांना. त्रेचाळीस, पास. म्हणाला, मी काय करू, तपासणाऱ्या बाईनेच पास लिहिलं. मग तुझी खुर्ची मधोमध आणून ठेवली. तू नाहीस, तर तुझ्या वतीने मिस्त्रीने खुर्चीवर हातोडा मारावा म्हणाला. मिस्त्रीने हातोडा खाली टाकला आणि निघून गेला. मग कप्तानाने स्वतःच मारला. खुर्चीचा पाय मोडेपर्यंत."

"टेबलं वाजली?" मावशीने भिंतीकडे बघतच विचारलं.

"वाजली."

"तू?"

"मीपण वाजवलं," ती म्हणाली. "वाजवून झाल्यावर मला कळलं मी काय करतेय ते. मूठ दुखायला लागली तेव्हा. मग उठले आणि तुझा चष्मा घ्यायला तुझ्या टेबलाशी गेले. तिथे ही होती."

तिने पिशवी पलंगावर रिकामी केली. फाटलेले तीन रबरी हात आणि एक सुटं बोट. "तुला माहीत होतं," ती म्हणाली.

मावशीने सगळं सांगितलं. चहा, पेन, शुक्रवारपासूनचा आठवडा, पूर्ण पेटी फोडायला लावायची धमकी, काही राखून ठेवलं नाही. "तुझ्या हातात परत तो हातोडा येऊ नये म्हणून लिहिलं गं," ती म्हणाली. "तुझ्यासाठी लिहिलं."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू नापास लिही म्हणाली असतीस."

"मग लिहायचं होतंस," बारकी म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "मी फोडली असती पेटी. फोडून उभी राहिले असते, माझं चुकलं म्हटलं असतं, घरी जाऊन चार दिवस ओकले असते. आठ दिवस ओकले असते. तुझी बोटं असती, मावशी. मी तुझ्या अक्षरावर विश्वास ठेवून हात घातला. त्या माणसावर माझा काडीचा विश्वास नव्हता. तुझ्यावर होता."

त्या मेल्या कप्तानाला मावशी मनातल्या मनात शिव्या घालू शकत होती, चार दिवस तेच करत होती, पण पेन तिच्याच बोटांत होतं. ती आता नसलेली बोटं. ती रडली, आणि रडताना तोंड झाकायला उजवा हात वर गेला आणि पट्टीच्या गाठोड्यावर दात आपटले.

बारकी पलंगावर बसली. तिने मावशीच्या डाव्या हातावर आपला हात ठेवला. तो बर्फासारखा गार होता. मावशीने तो पकडला आणि सवयीने चोळायला गेली, पण एका हाताने चोळता येत नाही, हे तिला तेव्हा समजलं. मग तिने तो आपल्या काखेत धरून ठेवला. दोघी तशाच बसून राहिल्या, मधे ते फाटके रबरी हात पडलेले.

चौकशीचा अधिकारी चार वाजता आला. मध्यमवयाचा माणूस, दमलेला, हातात कोऱ्या कागदांचा पुठ्ठा. त्याने खुर्ची ओढली आणि विचारलं की कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ती चाचणी पास झाली होती, हे खरं का.

"खोटं," मावशी म्हणाली. "चाचणी नापास झाली होती. पास मी लिहिलं. आधी ते लिहा, माझं चुकलं म्हणून. मग ते कुणी लिहायला लावलं ते सांगते, आणि मग सोमवारचं सांगते. वेळ लागेल."

अधिकाऱ्याने पलंगावरच्या रबरी हातांकडे एकदा बघितलं, पेनचं टोपण काढलं आणि तिला तिचं पूर्ण नाव विचारलं.